गश्ती, तार आणि नेट

२०२०च्या ऑगस्टअखेरीस अहमदपुरात एक बातमी उठली. वीरशैव लिंगायत समाजाचे गुरू डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज जिवंत समाधी घेणार, असे आधी कुणीतरी म्हणाले. तासाभरात 'घेणार'चे 'घेतली' झाले. महाराजांनी वयाची शंभरी कधीच ओलांडली होती. तरुणपणी डॉक्टरकीचे शिक्षण घेऊन मग मठाकडे वळलेला हा माणूस, म्हणून नावाआधी 'डॉ.' लागलेले. लातूर-नांदेडात तर त्यांचे भक्त होतेच, शिवाय कर्नाटक आणि तेलंगणातही मोठा शिष्यवर्ग होता. एरवी अशी वार्ता गावोगाव पोचायला दोन-चार दिवस लागले असते. या वेळी ती व्हॉट्सॲपवर बसून आली आणि २८ ऑगस्टला अहमदपूरच्या भक्तिस्थळावर हजारोंची रीघ लागली. कोरोनाचा कहर चालू होता, जमावबंदी होती, तोंडाला मास्क लावा म्हणून सरकार कानीकपाळी ओरडत होते, आणि इकडे माणसे खांद्याला खांदा लावून उभी. पोलिसांनी आणि महसूलवाल्यांनी धावपळ केली. महाराज हयात आहेत, अफवेवर विश्वास ठेवू नका, हे लोकांना पुन्हापुन्हा सांगावे लागले. पुढे १ सप्टेंबरला नांदेडच्या रुग्णालयात महाराजांचे खरोखरच निधन झाले आणि त्यांच्यावरचे शेवटचे संस्कार अहमदपुरातच झाले.

या प्रकरणात खलनायक कुणी नाही. ज्यांनी निरोप पुढे ढकलला त्यांनी तो श्रद्धेने ढकलला. 'इंटरनेट आणि समाज' असा विषय निघाला की आपण लगेच दिल्लीतले कायदे, कॅलिफोर्नियातल्या कंपन्या असे काहीतरी बोलू लागतो. पण हातातल्या मोबाइलने तालुक्याच्या गावात काय करून ठेवले, हे पाहायला हा एक दिवस पुरे आहे. आणि अशा दिवशी सरकारने काय करावे, हा प्रश्नही त्यातच आला. अहमदपुरात सरकारने बातमीला बातमीने उत्तर दिले, माणूस जिवंत आहे हे सांगितले. सरकारच्या हातात तेव्हा दुसरीही एक कळ होती. ती कळ मराठवाड्यात पुढे दाबली गेली. तिथपर्यंत यायला मात्र बरेच मागे जावे लागेल, कारण बातमीचा आणि सरकारचा या भागातला झगडा जवळजवळ शंभर वर्षांचा आहे.

अहमदपूर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. राज्यकारभार उर्दूत, न्यायालय उर्दूत, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठही उर्दूत. बहुसंख्य लोक बोलायचे मराठी, कन्नड नाहीतर तेलुगू. या राज्यात टपाल निजामाचे स्वतःचे होते, तिकिटे स्वतःची होती, नाणीही स्वतःची. आणि १९२९च्या सुमारास निघालेले एक फर्मान लोकांच्या तोंडी कायमचे बसले: गश्ती निशाण ५३. गश्ती म्हणजे परिपत्रक. कोणतीही सभा भरवायची तर सरकारची आगाऊ परवानगी घ्या, असा त्याचा मथितार्थ. विषयाला राजकारणाचा नुसता वास आला तरी परवानगी मिळण्याची आशा सोडायची. खासगी शाळा, आखाडे, वाचनालये यांवरही असलेच निर्बंध. गावात दहा माणसे एकत्र बसून वर्तमानपत्र वाचतात म्हटल्यावर तालुक्याच्या अंमलदाराच्या कपाळाला आठी पडायची.

मग लोकांनी काय केले? आडवाटा शोधल्या. गणेशोत्सवाच्या मेळ्यात, कीर्तनात, ग्रंथालयाच्या वार्षिक संमेलनात बोलायचे ते बोलून घेतले. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' साप्ताहिक १९२० पासून मराठीत निघत होते, पण नावापासूनच त्याला जपून पावले टाकावी लागत. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. परिषदेच्या नावाखाली शेतीचे, शिक्षणाचे, भाषेचे ठराव होत. राजकारण शब्दाने कुठे येत नसे. ऐकणाऱ्याला ते ऐकू येई, सरकारलाही येई. १९३८च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती. ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. अजून न जन्मलेल्या संघटनेवर बंदी घालण्याची ही कर्तबगारी जगाच्या इतिहासात फार जणांच्या नावावर नसेल.

त्याच १९३७ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले. छापायचे संस्थानाबाहेर, वाचायचे संस्थानात. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा वाघमाऱ्यांनी नाव बदलले. नव्या नावावर बंदी आली, पुन्हा नाव बदलले. मजकूर तोच, संपादक तोच, वाचक तेच. फक्त मथळ्याची पाटी दुसरी. एक खाते बंद केले की पाच मिनिटांत दुसरे उघडणाऱ्या आजच्या पोरांना यात नवल वाटणार नाही. पण वाघमाऱ्यांना दर वेळी नोंदणी, छपाई, पोचवणूक हे सगळे नव्याने करावे लागे, आणि अंक सापडला तर ज्याच्या पिशवीत सापडला तो आत जाई.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट फार मोलाची होती, ती म्हणजे सरहद्द. संस्थानाच्या हद्दीबाहेर इंग्रजांचे राज्य होते आणि तिथे निजामाची गश्ती चालत नव्हती. सोलापूर, बार्शी, उमरखेड, वाशीम ही नावे १९४७-४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांमुळे गाजली, पण बातमी त्याच वाटांनी त्याआधीपासून ये-जा करत होती. बार्शीला किंवा सोलापूरला जे उघड विकत मिळे ते उस्मानाबाद जिल्ह्यात लपवून आणावे लागे. सरहद्दीजवळच्या गावांना त्यामुळे जग लवकर कळायचे. बालाघाटाच्या पाठीवर, आत खोलवर बसलेल्या अहमदपूर-उदगीरकडे ते उशिरा पोचायचे आणि वाटेत त्याचे रूपही बदलायचे. बातमी जितकी चोरवाटेने येते तितकी ती फुगते. बंदी घालणाऱ्याला हे कधी समजत नाही.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षात बातमीची किंमत रक्तात मोजली गेली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, ज्या हाताने लिहीत तो हात छाटला गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा हा सूड एका मुसलमान संपादकावर उगवला होता, हे लढ्याची गोष्ट केवळ हिंदू-मुसलमान अशी सांगणाऱ्यांनी विसरू नये. पुढच्या महिन्यात, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथे आपण सहसा थांबतो. झेंडा फडकवतो, हुतात्मा स्मारकाला हार घालतो आणि भाषण संपवतो. पण बातमी दाबण्याची गोष्ट १७ सप्टेंबरला संपली नाही. फौजांच्या या कारवाईनंतरच्या, म्हणजे पोलिस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर भयंकर हल्ले झाले. अहमदपूर तेव्हा बीदरमध्येच. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने येऊन चौकशी केली आणि मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात असावा असा अंदाज दिला. तो अहवाल स्वतंत्र भारताच्या सरकारने दाबून ठेवला. सर्वसामान्य माणसाला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागल्याची बातमी २०१३ साली आली, म्हणजे पासष्ट वर्षांनी. निजामाने जे छापू दिले नाही ते आम्ही लढून छापले. आमच्याच सरकारने जे दडवले त्यासाठी कुणी लढले नाही. या वाक्यावर मराठवाड्यात आजही भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे.

संस्थान गेले, गश्ती गेली, आणि त्यांच्या जागी दिल्लीचे कायदे आले. त्यांतला एक होता १८८५चा तार कायदा. इंग्रजांनी केलेला. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला गरज असेल, तर सरकारने तारायंत्र ताब्यात घ्यावे, तारा अडवाव्यात, वाचाव्यात, अशी सोय त्याच्या पाचव्या कलमात होती. अहमदपूरच्या माणसाला या कायद्याशी तेव्हा काय देणेघेणे? तार यायची ती कुणी गेल्याची किंवा कुणी पास झाल्याची. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. जिल्ह्याच्या पाट्या बदलत गेल्या. तार कायदा मात्र जिथल्या तिथे होता.

१९७५च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. वाघमाऱ्यांचा वारसा चालवणारे 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव, जे निजामाच्या राज्यातही लढले होते, ते आता नाशिकच्या तुरुंगात गेले. एकाच आयुष्यात दोन राजवटींचे गज पाहण्याचा योग. पण आणीबाणीविषयी इतके लिहून झाले आहे की मी पुढच्या सालाकडे वळतो, कारण ते आपल्या विषयाला जास्त लागू आहे.

१९७८. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा खून झाला. दंगलखोरांनी रस्ते अडवले, टेलिफोनच्या तारा तोडल्या. जे काम आज मंत्रालयातून आदेशाने होते ते तेव्हा जमावाने कुऱ्हाडीने केले, आणि कशासाठी? मदत पोचू नये म्हणून, गावाबाहेरच्या वस्तीवर काय चालले आहे हे तालुक्याला कळू नये म्हणून. निजामाशी झुंजलेल्या 'मराठवाडा' दैनिकाने त्या काळात नामांतराच्या विरोधात घेतलेली भूमिका आजही अनेकांना सलते. नामांतराला पुढे सोळा वर्षे लागली. मला यातून एवढेच नोंदवायचे आहे की त्या वर्षी मोबाइल नव्हता, व्हॉट्सॲप नव्हते, साधा फोनही गावात एखाद्याकडे. तरी द्वेष चार दिवसांत पाच जिल्ह्यांत पोचला. दंगल यंत्राने पसरते असे मानणाऱ्यांनी १९७८चा मराठवाडा एकदा वाचावा. आणि संपर्क तुटला की सगळ्यात आधी कोण एकटे पडते, हेही त्यात वाचायला मिळते.

इंटरनेट भारतात सामान्य ग्राहकाला मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ला. ते विदेश संचार निगमचे होते, सुरुवातीला मोठ्या शहरांपुरते, आणि वर्षाची वर्गणी हजारोंत. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले. मग सायबर कॅफे आले, आणि सायबर कॅफेच्या मागोमाग सरकारची काळजी आली. पोरे आत बसून काय पाहतात? २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अश्लील संकेतस्थळांचा प्रश्न हाती घेऊन समिती नेमली. कॅफेत येणाऱ्याची ओळख तपासा, नोंद ठेवा अशी वाट तिथून पडली. लॉजमध्ये उतरणाऱ्याला वहीत नाव-गाव लिहावे लागते, तसे इंटरनेटवर उतरणाऱ्यालाही लिहावे लागू लागले.

मराठवाड्याचे नाव इंटरनेटच्या कायदेशीर इतिहासात लवकर आले, हे फार थोड्यांना माहीत आहे. गुगलच्या ऑर्कुट नावाच्या समाजमाध्यमाचे प्रकरण तेव्हा कॉलेजात जोरात होते. त्यावर भारतद्वेषाचा एक गट असल्याची तक्रार घेऊन याचिका झाली आणि ऑक्टोबर २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने थेट गुगलला नोटीस काढायला सांगितले. जगभर पसरलेल्या कंपनीला औरंगाबादेतून नोटीस! त्याच सुमारास ऑर्कुटवर शिवछत्रपतींविषयी विकृत मजकूर आल्याने पुण्यात कॅफे फोडले गेले. मग जे घडले ते जास्त सांगण्याजोगे आहे. पुण्याच्या सायबर पोलिसांनी २००७ मध्ये या मजकुराच्या प्रकरणात बंगळूरच्या एका अभियंत्याला पकडून आणले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या माहितीवरून त्याचे घर शोधले होते. माहिती चुकीची होती. त्या माणसाचा या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे सिद्ध होईपर्यंत तो पन्नास दिवस येरवड्यात होता. वाघमाऱ्यांचा अंक ज्याच्या पिशवीत सापडे तो निदान खरोखर अंक बाळगून असे.

२००८च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. चर्चा जवळजवळ झालीच नाही. त्या गडबडीत ६६-अ हे कलम आत आले: संगणकावरून किंवा फोनवरून त्रासदायक, अपमानकारक मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, कशाने, याचे माप नाही. १८ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. 'लाइक' करण्याबद्दल अटक हे ऐकून देशभर लोक आधी हसले आणि मग घाबरले. दोनच महिन्यांपूर्वी मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाखाली धरले होते, ते लोकांच्या डोक्यात ताजे होते. पालघरनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-अ घटनाबाह्य ठरवले.

६६-अ वाईट होते, पण ते छापलेले होते. अटक कोणत्या कलमाखाली झाली हे दिसत होते, म्हणून त्याला न्यायालयात खेचता आले. याच कायद्यातले ६९-अ कलम, ज्याखाली सरकार एखादे संकेतस्थळ किंवा खाते बंद करायला लावते, ते त्याच निकालात टिकले. त्याचे २००९चे नियम सांगतात की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे वाचकाला एवढेच दिसते की पान उघडत नाही.

दरम्यान खेड्यात काय बदलले ते कायद्याच्या पुस्तकात दिसणारे नव्हते. ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. लाखो माणसे, एक घोषणा नाही, नेता पुढे नाही. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचाराने आणि तिच्या खुनाने पेटलेला संताप मोबाइलवरच्या निरोपांनी शिस्तीत बांधला गेला होता. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा चहाच्या भावाने मिळू लागला. पुढच्याच वर्षीच्या पावसाळ्यात सरकारने शेतकऱ्यांना सांगितले की कर्जमाफी हवी तर अर्ज ऑनलाइन भरा. 'आपले सरकार' केंद्रांसमोर रांगा लागल्या. नवरा-बायको दोघांचे अंगठे, आधार, बँक पासबुक, आणि वर 'सर्व्हर डाऊन'. मग ई-पीक पाहणी आली: पेरा काय केला हे शेतात उभे राहून मोबाइलवर नोंदवा. पीकविम्यात गारपिटीने नुकसान झाले तर बहात्तर तासांत कळवायचे, असा तेव्हा नियम. रेशनच्या दुकानात अंगठा जुळला तरच गहू. सातबारा ऑनलाइन, लाडक्या बहिणीचा अर्ज ऑनलाइन. सरकारने स्वतःच आपला दरवाजा इंटरनेटमध्ये नेऊन बसवला.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तलाठ्याच्या मागे चार खेपा घालण्यापेक्षा पंधरा रुपयांत उतारा मिळतो हे कुणालाही बरेच वाटेल. पण सरकार जेव्हा नेट बंद करते तेव्हा ते नेमके काय बंद करते, हे समजायला ही यादी लागते.

बंद करण्याची रीतसर सोय झाली ऑगस्ट २०१७ मध्ये. तोवर जिल्हाधिकारी १४४ कलमाखाली जमावबंदीसारखे नेटही बंद करत. केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले, आणि ते कशाच्या आधाराने? त्याच १८८५च्या तार कायद्याच्या. तारसेवा २०१३ सालीच बंद झाली होती. तार मेली आणि तिचा कायदा तिच्या नातवंडांवर राज्य करू लागला.

दुसऱ्याच वर्षी नेट बंद करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा महाराष्ट्रानेच दिला. पोरे पळवणारी टोळी आली आहे, असे व्हिडिओ मे-जून २०१८ मध्ये गावोगाव फिरत होते. औरंगाबाद जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या चांडगावला जमावाने दोघांना मारले. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पाचही नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. शतकानुशतके गावे ज्यांना ओळखत आली त्या माणसांना मोबाइलच्या पडद्याने चोर ठरवले. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाडा वाचल्यावर कुणी म्हणाले की असले नेट बंदच करा, तर मी त्याच्याशी पटकन वाद घालणार नाही. पण नेट बंद असते तर ते पाच जण वाचले असते का, याचे उत्तर मला १९७८ आणि २०१८ ही दोन्ही साले एकत्र ठेवून द्यावे लागते. आणि ते 'हो' असे येत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली ती कळ. १ सप्टेंबर २०२३ला जालना जिल्ह्यात आंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी चाललेल्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणावर लाठीमार झाला. त्याचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मराठवाड्याच्या प्रत्येक फोनवर होते आणि एका गावातले आंदोलन राज्याचे झाले. ऑक्टोबरच्या शेवटी दुसरे उपोषण चालू असताना माजलगावच्या आमदारांची एक ध्वनिफीत फिरली आणि ३० तारखेला जमावाने त्यांचा बंगला पेटवला. बीड शहरातही लोकप्रतिनिधींची घरे आणि पक्षांची कार्यालये जळाली. संचारबंदी लागली, आणि बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. पाठोपाठ जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, ग्रामीण भागातही. पुढे २६ फेब्रुवारी २०२४ला जरांगे मुंबईकडे निघणार म्हटल्यावर या तिन्ही जिल्ह्यांत काही तासांसाठी पुन्हा तेच.

अहमदपूर तालुक्याची हद्द बीड जिल्ह्याला लागून आहे. किनगावकडून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळात जिल्हा बदलतो. बीडचा आदेश बीडपुरता होता. पंचाऐंशी वर्षांपूर्वी सोलापूर-बार्शीची हद्द ओलांडली की बंदी असलेला अंक मिळायचा. आता लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की रेंज. फरक असा की निजामाने एकेका पत्रावर बंदी घातली होती. नेटबंदीत अफवा, अफवेचा खुलासा, बँकेचा व्यवहार, परीक्षेचा अर्ज आणि आजारी माणसाचा रिपोर्ट हे सगळे एकाच कळीने जाते. ज्यांनी बंगला पेटवला ते काडी आणि पेट्रोल घेऊन गेले होते, त्यांना घरी बसवायला संचारबंदी होती. घरी बसलेल्या इतर लाखोंना त्या रात्री खरे काय घडले ते कळायला वर्तमानपत्राची सकाळ उजाडावी लागली. अहमदपुरात २०२०ला महाराज हयात आहेत हे लोकांना ज्या फोनवर कळले, तोच फोन अशा वेळी मुका असतो.

काश्मीरच्या नेटबंदीवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०ला अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सांगितले होते की असे आदेश प्रसिद्ध करा, ते बेमुदत चालणार नाहीत, गरजेपेक्षा मोठे नकोत. प्रसिद्ध केल्याशिवाय आव्हान कशाला द्यायचे, असा त्यातला साधा मुद्दा. पुढच्याच वर्षी शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने केंद्राला विचारले की देशात किती वेळा, कुठे, किती काळ नेट बंद झाले. दूरसंचार खात्याकडे आणि गृहमंत्रालयाकडे त्याची नोंदच नव्हती. समितीने ते अहवालात लिहून ठेवले आहे. निजामाच्या गश्तीला निदान क्रमांक होता. म्हणून ती नव्वद वर्षांनी आजीच्या तोंडून नातवाला कळते आणि अभ्यासकाला दफ्तरातून काढता येते.

सरकारला खोटे काय ते ठरवण्याचाही मोह झाला. एप्रिल २०२३च्या नियमात केंद्राने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे तपासणारा स्वतःचाच कक्ष नेमायचे ठरवले. विनोदकार कुणाल कामरा आणि संपादकांच्या, नियतकालिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत जुळले नाही. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबरला तो नियम घटनाबाह्य ठरवला. हाही छापलेला नियम होता, म्हणून पडला.

२०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि १८८५च्या कायद्याला निवृत्त करायचे ठरवले. नेट बंद करण्याची सोय त्यातही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नियम आले. आदेश कारणांसह प्रसिद्ध करायचा, कोणत्या भागापुरता आहे ते लिहायचे, पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आदेश काढायचा राज्याच्या गृहसचिवांनी. तो योग्य होता की नाही हे पाच दिवसांत तपासायची समितीही आहे. तिच्यावर मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. न्यायाधीश कुणी नाही, बाहेरचा माणूस कुणी नाही. तिघांचीही कचेरी मंत्रालयातच.